चाक आपोआप फिरत नाही

चाळीसगावातून पाटणादेवीकडे जाणारा रस्ता पहाटे साडेपाचला जवळपास रिकामा असतो. दूधवाल्याची एखादी मोटारसायकल, शेताकडे निघालेली बैलगाडी, रस्त्याच्या कडेने फिरायला बाहेर पडलेली दोन-चार माणसे. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कपाशी, मका, मध्येच लिंबाची झाडे आणि समोर सातमाळ्याची निळसर रांग. अंतर सुमारे १८ किलोमीटर. सायकलवर बसणाऱ्याला पहिल्या काही मिनिटांतच एक गोष्ट कळते : डोळ्यांना सपाट दिसणारा हा रस्ता सपाट नाही. चाळीसगावाला येणारी डोंगरी नदी ज्या डोंगरातून उतरते, त्याच डोंगराकडे हा रस्ता जातो. पाणी जिकडून येते तिकडे जायचे म्हणजे चढ आलाच.

रस्त्याच्या शेवटी गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या कुशीत चंडिकादेवीचे देऊळ आहे आणि त्याच्या अलीकडे दगडी महादेव मंदिर. लोक त्याला हेमाडपंती म्हणतात. पण हेमाद्री पंडित यादवांच्या दरबारात आला त्याच्या शंभरेक वर्षे आधीच हे मंदिर उभे होते. खानदेशावर सत्ता असलेल्या निकुंभ घराण्याच्या काळातले हे बांधकाम असून तिथला शिलालेख शके १०७५ म्हणजे इ.स. ११५३ चा आहे. पाटण्यालाच दुसरा एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारातला ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला, त्याची ही नोंद. तेराव्या शतकाच्या आरंभीच्या या लेखाचा शेवटचा भाग तर जुन्या मराठीत आहे.

त्या मठात जो 'सिद्धान्तशिरोमणी' शिकवला जायचा, तो भास्कराचार्यांनी ११५० साली, वयाच्या ३६ व्या वर्षी पूर्ण केला. त्यातील यंत्रांच्या प्रकरणात एका विलक्षण चाकाचे वर्णन येते. हलक्या लाकडाचे चाक, त्याला पोकळ आरे, आऱ्यांत अर्धा अर्धा पारा. चाकाला एकदा गती दिली, की पारा एका बाजूला सरकत राहील आणि चाक आपले आपण फिरत राहील, अशी ती कल्पना. पुढे अनेक शतके जगभरच्या कारागिरांना अशा चाकाने भुरळ घातली. एकोणिसाव्या शतकात ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम पक्का झाला आणि प्रश्न मिटला. घातल्याशिवाय मिळत नाही. आपोआप फिरणारे चाक होऊ शकत नाही.

पाटण्याच्या चढावर हा नियम कुणाला शिकवावा लागत नाही. पायडल थांबले की सायकल थांबते. चाक फिरवणारे इंजिन मांड्यांमध्ये असते, त्याचे इंधन सकाळच्या भाकरीत असते. आणि प्रत्येक इंजिनासारखेच हेही इंजिन तापते. खानदेशात सायकल चालवण्याचे सगळे आरोग्यशास्त्र या तापण्याभोवती फिरते.

देवळापासून देवळापर्यंत

शांत ग्रामीण रस्त्यांवर, चढउतारांच्या प्रदेशात, जुन्या देवस्थानांचे टप्पे घेत सायकल चालवण्याची रीत फ्रान्समध्ये चांगली रुजलेली आहे. तिथे गावाची खूण म्हणजे चर्चचा मनोरा. दूरवर मनोरा दिसला की पुढचे गाव किती लांब आहे याचा अंदाज येतो. नैऋत्य फ्रान्समधील लाबास्तीद-दार्मान्याक या गावाजवळचे एक मध्ययुगीन चॅपेल तर १९५९ पासून सायकलस्वारांचेच देवस्थान झाले आहे. नामांकित शर्यतपटूंच्या जर्सी तिथे भिंतींवर टांगलेल्या आहेत. 'ब्रेव्हे' हा लांब पल्ल्याचा सायकलप्रवासही फ्रान्समधूनच जगभर गेला. त्यात पहिला-दुसरा क्रमांक नसतो. २०० किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत पूर्ण केले, की झाले. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांतले डॉक्टर, शिक्षक, व्यापारी आता असे ब्रेव्हे करतात. शेजारच्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करण्याची 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघातून पूर्ण केली, तेव्हा नव्याने सायकलकडे वळलेल्यांना मोठे बळ मिळाले.

अशा भटकंतीला लागणारे सगळे खानदेशाकडे आहे. तापी, गिरणा, पांझरा, बोरी, बुराई या नद्यांची खोरी आणि त्यांच्या मधले लांबट चढउतार. साक्री तालुक्यात बुराईकाठी बळसाणे येथे जुन्या मंदिरांचा समूह आहे. मुक्ताईनगर तालुक्यात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचे मंदिर आहे. अमळनेर तालुक्यात तापी आणि पांझरेच्या संगमाजवळ नीमचे कपिलेश्वर आहे, तर अमळनेर शहरात बोरीच्या पात्रातच सखाराम महाराजांची समाधी. एरंडोलपासून सुमारे १० किलोमीटरवर, टेकडीवर तळ्याकाठी पद्मालयाचा गणपती आहे. तिथे एकाच गाभाऱ्यात दोन मूर्ती आहेत. यातल्या कुठल्याही ठिकाणी जाताना सुरत-नागपूर महामार्ग किंवा मुंबई-आग्रा महामार्ग जितका टाळता येईल तितका टाळावा. धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव या पट्ट्यातील ट्रकांची वाहतूक सायकलसाठी नाही. गावागावांना जोडणारे जिल्हा रस्ते लांबचे पडतात; पण तेच सायकलचे रस्ते.

सायकल या भागाला नवी नाही. एका पिढीपूर्वी शिक्षक, पोस्टमन, दूधवाले, गिरणी कामगार काळ्या लोखंडी सायकलवर रोज दहा-पंधरा किलोमीटर सहज जात. आज शाळेत जाणाऱ्या मुली सायकलवर दिसतात. मानव विकास कार्यक्रमातून अनेकींना ती मिळालीही आहे. चाळिशी-पन्नाशीच्या माणसाच्या घरची सायकल मात्र मोटारसायकलच्या मागे धूळ खात उभी असते. त्याच वयात रक्तातली साखर, रक्तदाब आणि पोटाचा घेर एकत्रच वाढू लागतात. डॉक्टर व्यायाम सांगतात. सायकल पुसून बाहेर काढली जाते. पुढे काय होते, हे बरेचदा ती कुठल्या महिन्यात आणि किती वाजता बाहेर काढली यावर ठरते.

भाकरीचा हिशेब

साधी सायकल सपाट रस्त्यावर, वारा नसताना ताशी २० किलोमीटरच्या आसपास चालवायला पायडलवर साधारण ८० वॅट शक्ती लागते. घरातल्या छताच्या पंख्याला लागते साधारण तेवढीच. पण पायडलवर ८० वॅट देण्यासाठी शरीराला त्याच्या चार-पाच पट ऊर्जा खर्च करावी लागते, कारण आपल्या स्नायूंची कार्यक्षमता २० ते २५ टक्केच आहे. म्हणजे ८० वॅट चाकाला मिळताना शरीर ४०० वॅटपर्यंत खर्च करते. उरलेले सुमारे ३२० वॅट जातात कुठे? ते उष्णतेच्या रूपाने शरीरातच निर्माण होतात.

हा खर्च तासाला सुमारे ३५० किलोकॅलरी होतो. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठातून, म्हणजे साधारण दोन मध्यम भाकरींतून, जवळजवळ तितकीच ऊर्जा मिळते. दोन भाकरींत एक तास. त्यातली अर्धी भाकरीही चाकापर्यंत पोचत नाही; दीड भाकरीपेक्षा जास्त नुसती ऊब होऊन जाते.

डिसेंबरच्या सकाळी ही ऊब हवीहवीशी वाटते. दहा मिनिटांत स्वेटर काढावासा वाटतो. एप्रिल-मेमध्ये हीच ऊब संकट ठरते. शरीराचे आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास आणि त्वचेचे ३५ अंशांच्या जवळपास असते. हवा २५ अंशांची असेल, तर सायकलच्या वेगाने अंगावर येणारा वारा उष्णता काढून नेतो. हवा ४२ अंशांची झाली की हिशेब उलटतो. आता वारा अंगाला थंड करत नाही, तर तापवतो. जळगाव-भुसावळकडच्या माणसाला हा वारा ओळखीचा आहे : भट्टीचे दार उघडल्यासारखा तोंडावर येणारा.

अशा वेळी शरीरापाशी एकच उपाय उरतो, तो म्हणजे घाम. एक लिटर घाम त्वचेवर पूर्ण वाळला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. वर सांगितलेल्या वेगाने तासभर सायकल चालवणाऱ्याला फक्त स्वतःच्या स्नायूंची उष्णता घालवायला जवळपास अर्धा लिटर घाम वाळवावा लागतो. उन्हाची आणि तापलेल्या डांबराची उष्णता त्यात धरलेली नाही. जो घाम थेंबाथेंबाने खाली गळतो, त्याचा थंडाव्याला काही उपयोग नाही. थंडावा वाळण्यातून येतो.

खानदेशच्या उन्हाळ्याची एक फसवी बाजू इथेच आहे. एप्रिल-मेमधील हवा इतकी कोरडी असते, की घाम येताच वाळतो. सदरा ओला दिसत नाही आणि माणसाला वाटते, घाम आलाच नाही. तासाभराने सदऱ्याच्या पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे दिसतात, तेव्हा किती पाणी गेले ते कळते. जून ते सप्टेंबरमध्ये याच्या उलट. तापमान कमी, पण हवा दमट. घाम गळतो, वाळत नाही. ढगाळ हवा पाहून निर्धास्त झालेला माणूस चढावर अचानक गळून जातो, तो यामुळे.

चढावर काय होते

पाटण्याच्या रस्त्यावर किंवा पद्मालयाच्या टेकडीवर सायकल चालवताना आणखी एक गोष्ट घडते. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो वजन १०० मीटर उंच न्यायचे, तर शरीराचे साधारण ८० ते ९० किलोकॅलरी खर्च होतात. आकडा फार मोठा नाही. घातक आहे ती वेगातली घट. सपाटीवर ताशी २० किलोमीटरने जाणारी सायकल चढावर ताशी आठवर येते. श्रम वाढतात, म्हणजे शरीरातली उष्णता वाढते. आणि अंगावरचा वारा मात्र जवळपास थांबतो, म्हणजे घाम वाळायचा मंदावतो. त्यात वारा पाठीमागून असेल, तर माणूस आणि वारा एकाच वेगाने चालतात आणि अंगाला हवा लागतच नाही. पायाला हलका वाटणारा पाठीवरचा वारा शरीराला जड जातो.

म्हणून चढावर वेग टिकवण्याचा हट्ट सोडावा. गिअरची सायकल असेल तर चढ सुरू होण्याआधीच हलका गिअर टाकावा. पाय मिनिटाला ७० ते ९० वेळा फिरतील असे पाहावे. जड गिअरवर जोर देत उभे राहिल्याने गुडघे दुखतात. गिअर नसलेली सायकल असेल तर उतरून चालावे. त्यात कमीपणा काही नाही. जुनी माणसे लळिंगच्या चढावर सायकल हातात धरूनच चालत. मापदंड सोपा आहे : पूर्ण वाक्य बोलता यायला हवे. शब्द तुटू लागले, की वेग जास्त आहे.

समोरचा वारा हा सपाटीवरचा चढच. हवेला कापण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला तर हवेसाठी आठपट शक्ती लागते. पावसाळ्याच्या आधी आणि पावसाळ्यात तापीच्या खोऱ्यात पश्चिमेकडून वारा जोरात वाहतो. तेव्हा आधी पश्चिमेकडे जावे आणि दमल्यावर वारा पाठीशी घेऊन परतावे. हा क्रम उलटा झाला, तर जाताना आपण फार तंदुरुस्त आहोत असे वाटते आणि परतताना खरे कळते.

वेळ, पाणी, मीठ

खानदेशात सायकलचे खरे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. या दिवसांत सकाळी अकरापर्यंत निवांत सायकल चालवता येते. मार्चपासून घड्याळ पाहावे. दिवसाचे सर्वांत कमी तापमान सूर्योदयाच्या आसपास असते आणि सर्वांत जास्त दुपारी अडीच ते चारच्या दरम्यान. त्यामुळे संध्याकाळी पाच वाजता ऊन उतरलेले दिसले, तरी हवा आणि रस्ता दोन्ही तापलेलेच असतात. एप्रिल-मेमध्ये उजाडताच निघावे आणि नऊच्या आत घरी असावे. जाऊन येऊन ४० किलोमीटरचा बेत असेल, तर तो या वेळेत बसतो का, हे आदल्या रात्रीच ठरवावे. वाटेत पंक्चर झाले तर काय, याचाही हिशेब त्यात धरावा. या भागातला बाभळीचा काटा कुठलाही टायर ओळखत नाही.

शरीराला उष्णतेची सवय होते, पण त्याला एक ते दोन आठवडे लागतात. रोज थोडा वेळ उष्ण हवेत व्यायाम केला, की घाम लवकर सुटू लागतो, घामातले मीठ कमी होते, रक्तातला द्रवभाग वाढतो आणि हृदयाचे ठोके कमी राहतात. पुण्या-मुंबईहून मे महिन्यात गावी आलेल्या तरुणाने पहिल्याच सकाळी भावाबरोबर ५० किलोमीटर निघणे म्हणूनच धोक्याचे. भावाचे शरीर तयार असते, त्याचे नसते.

पाणी तहान लागण्याची वाट न पाहता, पण घटाघटा नव्हे, तर दर पंधरा-वीस मिनिटांनी काही घोट प्यावे. तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर बहुतेकांना पुरते. स्वतःचा आकडा काढायचा असेल, तर निघताना आणि परत आल्यावर कमीत कमी कपड्यांत वजन करावे. एक किलो घटले म्हणजे, प्यायलेले पाणी सोडून, एक लिटर पाणी गेले. वजनाच्या दोन टक्क्यांपेक्षा जास्त, म्हणजे ६० किलोच्या माणसात सव्वा किलोच्या आसपास घट झाली, तर पाणी कमी पडले.

तासाभराच्या सायकलीला साधे पाणी पुरे. दोन तासांपेक्षा जास्त चालवायची असेल, तर पाण्याबरोबर मीठही हवे. तीन-चार तास घाम गाळून नुसते साधे पाणी भरमसाट प्यायल्यास रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. ओआरएसचे पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण मिसळावे. ते नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ घातलेले ताक किंवा लिंबू सरबतही चालते. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार, हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब आहे, त्यांनी मिठाचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. सैल, फिकट रंगाचा, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हेल्मेटखाली पातळ सुती रुमाल ही या भागातली जुनी शहाणीव आजही तितकीच खरी आहे.

दगडाची सावली, दगडाचा चटका

जुनी दगडी मंदिरे सायकलस्वाराला थांबण्याची जागा का वाटतात, यामागे भौतिकशास्त्र आहे. जाड दगडी भिंत तापायला वेळ लागतो. रात्रभर थंड झालेला सभामंडप सकाळी नऊ-दहापर्यंत बाहेरच्या हवेपेक्षा गार राहतो. तिथे बसणाऱ्याच्या अंगावर ऊन पडत नाही आणि भिंतीही उष्णता फेकत नाहीत. नाडी उतरायला, श्वास जागेवर यायला दहा मिनिटे पुरतात. बसल्यावर उठावेसे वाटत नसेल, डोके दुखत असेल, तर पुढे जाऊ नये.

याच दगडाची दुसरी बाजू उघड्यावर दिसते. काळ्या पाषाणाचे अंगण ऊन लागताच तापते आणि दुपारी अनवाणी पायांना चटके देते. ज्याला चटका जाणवतो तो उड्या मारत सावलीत जातो. पण अनेक वर्षे मधुमेह असलेल्यांच्या पावलांची संवेदना कमी झालेली असते. त्यांना चटका जाणवतच नाही. पाय भाजतो, घरी आल्यावर फोड दिसतो, फोडाची जखम होते आणि ती भरायला महिने लागतात. क्वचित पायावर बेतते. साखर कमी करण्यासाठी सायकलवर निघालेल्या माणसाने प्रदक्षिणेत पाय भाजून घेणे यासारखे दुर्दैव नाही. म्हणून मधुमेहींनी दर्शन ऊन चढण्याआधी घ्यावे, शक्य तिथे जाड मोजे घालावेत आणि घरी आल्यावर तळपाय आरशात पाहावेत.

साखर आणि सायकल

मधुमेहींनी सायकल सोडावी, असा याचा अर्थ मुळीच नाही. उलट त्यांनाच तिचा लाभ मोठा. रक्तातली साखर पेशीत जायला इन्सुलिनची किल्ली लागते आणि टाइप-२ मधुमेहात ही किल्ली नीट चालत नाही. पण काम करणारा स्नायू इन्सुलिनशिवायही साखर आत ओढून घेतो. मांड्यांचे स्नायू हे शरीरातले सर्वांत मोठे स्नायू. सायकल नेमके त्यांनाच कामाला लावते. व्यायाम संपल्यावरही एक-दोन दिवस इन्सुलिनचा परिणाम सुधारलेला राहतो. म्हणून रविवारी एकदाच ६० किलोमीटर करण्यापेक्षा एक दिवसाआड अर्धा-पाऊण तास अधिक उपयोगी. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते. घर ते बाजार, घर ते शेत ही सायकलही त्यात मोजली जाते. शरीराचे वजन सीटवर राहत असल्याने जाड माणसाच्या गुडघ्यांवर चालण्या-पळण्यापेक्षा भारही कमी येतो.

इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र उपाशीपोटी निघू नये आणि खिशात साखर किंवा गुळाचा खडा ठेवावा. हातपाय थरथरणे, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी ही साखर उतरल्याची लक्षणे असू शकतात. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या शरीरातले पाणी लवकर घटते. छातीत दडपण, थोड्या श्रमाने धाप, चक्कर अशा तक्रारी असतील, तर सायकल बाहेर काढण्याआधी तपासणी करून घ्यावी.

सायकल महागडी असण्याची गरज नाही, पण सीट योग्य उंचीवर हवी. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर गुडघा सरळ व्हावा. मग चवडा ठेवून चालवताना तो थोडासा वाकलेला राहतो. सीट खाली असेल तर गुडघ्याची वाटी दुखते, फार वर असेल तर कंबर डावी-उजवीकडे हलते. करंगळीला मुंग्या येत असतील तर तळहाताच्या नसेवर दाब पडतो आहे. हाताची जागा बदलत राहावी.

गोंधळलेला माणूस

उन्हात सायकल चालवताना पेटके येणे, थकवा, मळमळ या लक्षणांवर सावली, पाणी आणि विश्रांती हा उपाय. पण सोबती असंबद्ध बोलू लागला, चिडचिड करू लागला, सायकल सरळ धरता येईनाशी झाली किंवा तो कोसळला, तर तो उष्माघात समजावा. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेले आणि मेंदूवर परिणाम झाला, की मिनिटे मोजावी लागतात. घाम येत आहे म्हणजे उष्माघात नाही, हा समज चुकीचा. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने भिजलेले असू शकते.

अशा वेळी १०८ वर फोन करावा आणि रुग्णवाहिकेची वाट न पाहता थंड करायला सुरुवात करावी. सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, मिळेल तेवढे पाणी अंगावर ओतत राहावे आणि वारा घालावा. शेजारच्या शेतात मोटर चालू असेल तर तिच्या पाण्याखाली धरावे, हौद असेल तर डोके पाण्याबाहेर नीट धरून त्यात बसवावे. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. तापाच्या गोळीचा इथे उपयोग होत नाही. हा ताप जंतूंचा नाही. आणि थोडे बरे वाटले म्हणून त्याला पुन्हा सायकलवर बसवू नये.

परतीचा उतार

पाटण्याला सात वाजेपर्यंत पोचलेला माणूस मंदिराच्या सावलीत भाकरी खाऊन आठच्या सुमारास परत निघतो. अभयारण्याचा परिसर असल्याने अंधारात इथे येऊ नये; बिबट्याचा वावर असतो. ऊन अजून कोवळे असते. आता पाणी वाहते त्या दिशेने जायचे. रस्ता हळूहळू उतरत जातो आणि काही ठिकाणी तर पाय हलवावेच लागत नाहीत. चाक आपोआप फिरते आहे, असे क्षणभर वाटते.

तसे ते नसते. पहाटे चढताना जी भाकरी खर्च झाली, तिचा जो लहानसा भाग उंची होऊन साठला होता, तोच आता रस्ता परत करतो. बाकीचा मोठा भाग तर घामाबरोबर केव्हाच हवेत गेला. बाटलीत दोन घोट पाणी शिल्लक असते, घड्याळात नऊ वाजायला अजून वेळ असतो आणि चाळीसगावची पहिली घरे दिसू लागतात. सायकलस्वाराचा हिशेब तेव्हा बरोबर लागलेला असतो.